पुढच्या उजव्या चाकाचा माणूस

नेवगी काकांनी आयुष्यात कोणाचा मनापासून द्वेष केला असेल, तर तो एका नटाचा. नाटकातल्या नव्हे, चाकाच्या.

तुमच्या-माझ्या गाडीचं चाक चार-पाच नटांनी आवळलेलं असतं. अमेरिकेत ‘स्टॉक कार’ नावाच्या गाड्यांच्या शर्यती होतात, त्या गाड्यांनाही पूर्वी पाच नट असत. काही वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी ते पाच काढून मधोमध एकच मोठा नट बसवला. या घटनेचं दुःख कुवेतमध्ये फिंतासला राहणाऱ्या आणि इस्पितळाच्या रक्तपेढीत नोकरी करणाऱ्या वेंगुर्ल्याच्या एका गृहस्थाला का व्हावं, हे मला बरेच दिवस समजलं नव्हतं. पण ते व्हायचं. घरात कोणी गेल्यासारखं व्हायचं.

“पूर्वी कसं होतं,” काका स्टिअरिंगवरचा एक हात उचलून सांगायचे, “गाडी आत आली की माणसं नट फिरवायची गन घेऊन भिंतीवरून उडी मारणार. टर्र, टर्र, टर्र, टर्र, टर्र. पाच नट सुटले. चाक बदललं. परत टर्र, टर्र, टर्र, टर्र, टर्र. त्याला म्हणतात काम! आणि आता?” इथे ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत, की जणू मीच तो नियम केला. “टर्र. खलास! माणूस बसतो कधी आणि उठतो कधी, कळत नाही.”

मी मान हलवायचो. गाडी त्यांची होती.

मी मूळचा उदगीरजवळचा. आमच्या घरात पहिला पदवीधर मीच, पहिला पासपोर्टही माझाच. मिरकाबमधल्या एका कचेरीत हिशेबाची नोकरी मिळून मी आलो, तेव्हा या देशात मी कोणालाच ओळखत नव्हतो. इमारतीत आलो त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे हे उंच, किडकिडीत गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले. “गाव कुठलं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “उदगीर, जेवलास काय?” ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता मला घरी घेऊन गेले. नेवगी काकूंनी मला त्या दिवशी बांगड्याची आमटी वाढली. मासा कसा खायचा हे मला येत नव्हतं. काकूंनी काटे काढून दिले. इकाम्याचे, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचे कागद, बँकेचं खातं, कुठल्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, तूरडाळ बरी मिळते, हे सगळं या दोघांनी मला शिकवलं. तेव्हापासून काकांसाठी माझं नाव उदगीर. खरं नाव त्यांना माहीत असावं, पण ते वापरलेलं मी ऐकलेलं नाही.

रोज सकाळी ते मला कचेरीत सोडत आणि स्वतः इस्पितळात जात. हा प्रवास म्हणजे एक शिस्तपर्व होतं. मला इमारतीखाली उभं राहायला लागे, गाडी थांबायच्या आत दाराच्या कडीवर हात हवा. बॅग मांडीवर, मागच्या सीटवर नाही. एकदा मी बुटाची लेस बांधायला वाकलो, तर त्यांनी काच खाली करून ओरडून सांगितलं, “भिंत ओलांड मेल्या, भिंत ओलांड!” समोर भिंत नव्हती. चौकीदारानं भिंत शोधायला इकडे-तिकडे बघितलं.

पेट्रोल पंपावर तर बघायला माणसं थांबत. पंपाच्या अलीकडेच टाकीचं झाकण उघडलेलं असे, नोट खिडकीबाहेर धरलेली, आणि मला हुकूम असे की उतरून पुढची काच पुसायची. तिथल्या बांगलादेशी मुलांना हा प्रकार इतका आवडायचा, की काकांची गाडी दिसली की एक जण नळी हातात घेऊन पळत पुढे यायचा. “यल्ला, यल्ला!” काका आतून ओरडायचे. सगळं आटोपून गाडी बाहेर पडली की ते समाधानानं म्हणत, “शर्यत रस्त्यावर जात नाही उदगीर, थांबलेल्या जागी जाते.” पुढे आम्ही अर्धा तास वाहतुकीत अडकून बसायचो, ही गोष्ट वेगळी.

या शर्यती अमेरिकेत रविवारी होतात. आपल्याकडे तोवर मध्यरात्र उलटते आणि सोमवारी कामावर जायचं असतं. त्यामुळे काका सोमवारी संध्याकाळी इंटरनेटवर रेकॉर्डिंग बघत. सोमवारी सकाळपासून त्यांचा एकच धोशा असे. “निकाल सांगायचा नाही हां कोणी!” मला, चौकीदाराला, इस्त्रीवाल्याला, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या इजिप्तच्या मिसरी शेजाऱ्याला. अख्ख्या फिंतासमध्ये तो निकाल कोणाला ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. तरी सगळे शपथेवर गप्प राहत.

काकू सोमवारी भजी करत, म्हणून मीही जायचो. आणि तिथे मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. काका शर्यत बघतच नसत. गाड्या गोल-गोल फिरायला लागल्या की ते रेकॉर्डिंग पुढे पळवत. कोण पहिला आला, कोण चालक, कुठली गाडी कोणाला धडकली, काही नाही. गाड्या चाकं बदलायला आत आल्या की मात्र ते खुर्चीच्या कडेला येऊन बसत. तेही सगळ्या गाड्यांसाठी नाही. एक हिरवी गाडी होती, बहुतेक वेळा शेवटच्या रांगेत असणारी. ती आत आली की काका श्वास रोखून धरत. लग्नाला जावं, आणि नवरा-नवरी सोडून फक्त पंगतीत वाढणाऱ्या एकाच माणसाकडे बघून परत यावं, तसं ते होतं.

कॅमेरावाले पुढच्या गाड्यांच्या मागे असत. हिरवी गाडी दिसली तर कोपऱ्यात, नाहीतर दिसतच नसे. “काय मेले हे कॅमेरावाले!” काका कळवळायचे. “जिंकणाऱ्याचं काय बघायचं असतं?”

एका सोमवारी हिरवी गाडी चाकं बदलून बाहेर पडली आणि वळणावर तिचं पुढचं उजवं चाक निघालं. गाडी तशीच घासत बाजूला गेली. चाक एकटंच उड्या मारत गवतातून लांब चाललं. कोणाला लागलं नाही. चालक बाहेर येऊन उभा राहिलेला दिसला. मी भजं खाता-खाता हसलो. म्हटलं, “काका, तुमचं बरोबर होतं. एकाच नटावर भरवसा नाही!”

काकांनी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी ते पंपावर झाकण उघडायचं विसरले. नळी घेऊन पळत आलेला मुलगा काचेवर टकटक करत राहिला. “सेठ को आज क्या हुआ?” त्यानं मला विचारलं.

पुढच्या सोमवारी हिरवी गाडी आत आली. काका पडद्याच्या इतके जवळ गेले की मला काही दिसेना. मग ते मागे सरकले.

“हा तो नव्हे,” ते म्हणाले.

“कोण?”

“पुढच्या उजव्या चाकाचा.”

“सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं काका. तुम्हाला कसं कळलं?”

“तो डावा गुडघा टेकतो. उजवा लहानपणी फुटला होता, सायकलवरून पडून. हा उजवा टेकतोय.” मग स्वयंपाकघराकडे एकदा बघून हळूच म्हणाले, “उदगीर, आत जा. शुक्रवारी फोनवर काय बोलणं झालं ते विचार. मी विचारलंय म्हणून सांगू नको.”

मी आत गेलो. काकू तळत होत्या. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, “त्यांनी पाठवलं ना?”

मी मान हलवली.

“मेले संपले तरी स्वतः विचारायचे नाहीत,” त्या म्हणाल्या आणि गॅस बारीक केला.

नेवग्यांचा मुलगा निखिल अमेरिकेत असतो, ऑटोमोबाईलमध्ये असतो, एवढंच मला ठाऊक होतं. काकूंनी मला बाकीचं सांगितलं. निखिल इथल्याच शाळेत वाढला, तिकडे जाऊन इंजिनिअर झाला. चांगली नोकरी लागली. ती सोडून तो एका शर्यतीच्या संघात चाकं बदलायला लागला. त्यासाठी वर्षभर शिकला, पहाटे उठून व्यायाम केला. इकडे गणपतीच्या कार्यक्रमात कोणीतरी काकांना म्हणालं, “नेवगी, मुलाला सांगा, सुट्टीवर आला की आमचंही पंक्चर काढून दे!” सगळे हसले. काकाही हसले. घरी येऊन त्यांनी फोन केला आणि मुलाला म्हणाले, “नट आवळायलाच जायचं होतं, तर इथेच शुऐबाच्या गॅरेजात लावला असता तुला. विमानाचं भाडं वाचलं असतं.”

“तेव्हापासून दोघं बोलले नाहीत,” काकू म्हणाल्या. “तो शुक्रवारी मला फोन करतो. हे बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसतात. पान उलटत नाहीत.”

“आणि सोमवारचं हे?”

“दुसरं काय करणार? पाच नट होते तेव्हा तो जरा जास्त वेळ दिसायचा रे. आता गुडघा टेकला न टेकला तोच उठतो.”

कढईत भजी करपत होती. दोघांनाही ते दिसत होतं.

“त्या चाकाचं?” मी विचारलं.

“त्याच्या हातून नट पुरता बसला नाही. चाक निघालं की ते लावणाऱ्याला काही शर्यती घरी बसवतात, असा नियम आहे म्हणे. त्या संपल्या तरी हे लोक परत घेतील असं त्याला वाटत नाही. रडला फोनवर.” मग आवाज चढवून, बाहेर ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, “तेंका सांग, शुक्रवारी फोन हयच असतलो. फोन काय कोणाक खाणा नाय!”

बाहेरून पेपरची घडी घालण्याचा आवाज आला.

शुक्रवारी काकूंनी मला जेवायला बोलावलं. सोलकढी पिऊन झाली, दुपार कलली, फोन वाजला. काकूंनी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. “हाय आई,” निखिल म्हणाला. आवाज थकलेला होता. काकू नेहमीचं बोलत राहिल्या. काय जेवलास, थंडी आहे का. काका आपल्या खुर्चीत. मग एकदम त्यांनी मला हाक मारली.

“उदगीर! त्याला विचार, गनचा आवाज पुरा झाला होता का.”

मी फोनकडे वाकलो. स्वतःची ओळख करून दिली. आयुष्यात मी चाक बदललेलं नाही. तरी विचारलं, “गनचा आवाज पुरा झाला होता का?”

निखिल म्हणाला, “येस... आय मीन, हो. मला तसं वाटलं. नट थ्रेडवर तिरका बसला होता. आय फेल्ट इट. पण गाडी निघाली.”

“विचार, हात वर करून थांबवता आली नसती का.”

“आली असती,” मी विचारायच्या आतच निखिल म्हणाला. आणि मग, खूप हळू, “बाबा? यू वॉच इट?”

काका उठले. टेबलापाशी आले. फोन हातात घेतला नाही, नुसते त्याच्यावर वाकले.

“एकच नट ठेवला तर माणूस काय करणार?” ते म्हणाले. “पाच असते तर एक सैल राहिला असता, चार होते. चूक तुझी नव्हे. त्या नटाची.”

“नाही बाबा. माझीच.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका तसेच वाकलेले. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलून बसतील, जुनं काहीतरी. ते म्हणाले, “बरं. तुझी तर तुझी. गुडघा कसा आहे?”

निखिलला त्या लोकांनी परत घेतलं नाही. तो आता तिथेच एका टायरच्या गोदामात काम करतो. शर्यतीला जात नाही. काकांचे सोमवार रिकामे झाले. काकू तरीही भजी करतात, आणि आम्ही तिघं ती टीव्हीशिवाय खातो. पंपावरच्या मुलांना काका आता इतर गिऱ्हाइकांसारखेच वाटत असावेत.

शुक्रवारी फोन आला की तो काका घेतात. पण इतक्या वर्षांत दोघांची बोलायची सवय गेलेली आहे, आणि विचारण्यासारखं चाक आता उरलेलं नाही. हवा, जेवण, खोलीचं भाडं एवढं होतं. मग काही नाही. काका फोन कानाला लावून खिडकीपाशी बसून राहतात. पलीकडूनही कोणी ठेवत नाही.

परवा मी तिथेच होतो. बराच वेळ झाला, तेव्हा काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, “काय म्हणता तो?”

काकांनी फोनवर हात धरला. “काय नाय,” ते हळूच म्हणाले. “तो आसा अजून.”