वस्तीला थांबलेलं गाव

नदीकाठचे गाळे यापुढे फक्त आद्य वसाहतकारांच्या वंशजांनाच द्यावेत, असा ठराव नगरपालिकेने एकमताने संमत केला. ठरावात कोणाचेही वाईट चिंतलेले नव्हते. खोऱ्याच्या इतिहासाबद्दल आदर वाढावा, एवढाच हेतू होता. आणि आदर वाढवायचा तर कोणाचा तरी गाळा काढून घ्यावा लागतो, हे कारभारातले जुनेच सत्य आहे.

गाळ्यांच्या रांगेत अगदी टोकाला कुलूपवाल्याचे दुकान होते. दोन माणसे आत आली तर तिसऱ्याने बाहेर जायचे, एवढे प्रशस्त. भिंतभर किल्ल्या टांगलेल्या, उंबऱ्यापर्यंत पितळेचा कीस. गावात कोणाचेही कुलूप अडले की पाय आपोआप इकडे वळत. हे दुकान गेले तर हातात कानस राहणार होती, पण ती टेकवायला जागा राहणार नव्हती. म्हणून तो धुतलेला सदरा घालून नगरपालिकेच्या नव्या इतिहास-निश्चिती कक्षात गेला.

“पूर्वज कुठले?” कारकुनाने विचारले.

“इथलेच. पणजोबांपासून.”

“आणि पणजोबा?”

“ते खोऱ्याच्या वरच्या अंगाकडून आले.”

कारकुनाने पेनाला टोपण लावले. “आले ना? मग संपलं. आला तो बाहेरचा.”

“मग आतला कोण?”

“जो आला नाही तो.”

“न येता कोणी इथं कसा असेल?”

“ते तुम्ही सिद्ध करायचं,” कारकून समजुतीने म्हणाला. “आमचं काम फक्त विचारायचं.”

रीतसर सुनावणी लागली. इतिहास-निश्चिती अधिकारी, म्हणजे साहेब, नुकतेच बदलून आले होते, त्यामुळे ते निःपक्षपाती होते. गावाच्या प्राचीन इतिहासाचे एकच वाक्य उपलब्ध होते. ते नगरपालिकेच्या बोधचिन्हावर होते आणि बोधचिन्ह प्रत्येक कचराकुंडीवर होते, त्यामुळे ते सर्वांना पाठ होते: ‘तराफा काठास लावून पूर्वजांनी येथे वस्ती केली.’ एवढ्यावर गावाचे आजवर उत्तम चालले होते.

बेकरीवाले शेठ उभे राहिले. “तराफ्यावर सगळ्यात पुढे बसले होते, ते आमचे मूळ पुरुष.”

“पुढं बसलेला माणूस तराफा चालवत नाही, शेठ,” नाववाला म्हणाला. “वल्हं मागं असतं. तुमचे मूळ पुरुष उतारू. चालक आमचे.”

लाँड्रीवाले काका शांतपणे हसले. “तराफा काठाला लागला, मान्य. पण फेकलेला दोर काठावर धरला कोणी? आमच्या पूर्वजांनी. तुम्ही यायच्या आधी ते इथं कपडे धूत उभे होते.”

“कोणाचे? गावच नव्हतं ना तेव्हा.”

“स्वतःचे,” काका म्हणाले. “फार जुना काळ होता तो.”

साहेबांनी तिघांचेही लिहून घेतले. दुपारनंतर दावे आणखी मागे सरकले. निवृत्त हेडमास्तरांनी तर आपले घराणे नदीच्याही आधीचे असल्याचे सांगितले. नदी नंतर आली, घराण्याने तिला वाट करून दिली. नदीलाही बाजू मांडायची संधी मिळावी म्हणून साहेबांनी तिच्या नावे नोटीस काढली. ती ‘पत्त्यावर थांबत नाही’ अशा शेऱ्यासह परत आली.

कुलूपवाला तोंड पाडून घरी आला. बायको चादरींच्या घड्या घालत होती. त्याने तिला सगळी कर्मकथा सांगितली.

“अहो, ते वाक्य परत म्हणा बरं.”

त्याने म्हटले.

“वस्ती केली म्हणजे काय केलं?”

“अगं, गाव वसवलं.”

“कोण म्हणालं? आमचे बाबा जन्मभर वस्तीची गाडी चालवायचे. संध्याकाळी शेवटच्या थांब्याला गाडी लावायची, तिथंच वस्ती करायची, पहाटे परत फिरायचं. एवढ्या वस्त्या केल्या, पण एक तरी गाव वसवलं का त्यांनी?” तिने घडी थोपटली. “वसवलं असतं तर आईनं घरात घेतलं नसतं.”

दुसऱ्या दिवशी, बुडत्याला काडीचा आधार म्हणून, कुलूपवाल्याने हेच सुनावणीत मांडले. वस्ती केली म्हणजे रात्रीपुरते टेकले. इथे कायमचे राहायला कोणी आलेच नव्हते; मग कोण आद्य आणि कोण उपरा?

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी भाषा विभागाचा अभिप्राय मागवला आणि तो, नदीच्या उत्तराच्या मानाने, लवकर आला: ‘वस्ती करणे म्हणजे रात्रीचा मुक्काम करणे, हा अर्थ ग्राह्य आहे. मुक्काम हलवल्याचे आढळत नाही.’

त्यावर साहेबांनी आदेश काढला. तराफ्यावरील मंडळी या ठिकाणी एका रात्रीपुरती थांबली होती. सकाळी निघण्यास काही अपरिहार्य कारणांमुळे विलंब झाला, तो अद्याप चालू आहे. सबब गावात आद्य वसाहतकार कोणीही नसून, सर्व नागरिकांना यापुढे ‘प्रस्थान-प्रलंबित प्रवासी’ समजण्यात यावे.

“मी आणि प्रवासी?” शेठ कडाडले. “माझं तीन मजली घर आहे.”

“सामान जरा जास्त आहे तुमचं,” नाववाला म्हणाला.

शेठ मोर्चा काढणार होते. पण मोर्चाचा फलक रंगवताना त्यांच्या ध्यानात आले की प्रवाशाला घरपट्टी नसते. दारापुढचा रस्ता झाडावा लागत नाही. प्रभागाच्या सभेला बसावे लागत नाही. फलक त्यांनी भट्टीत घातला. ही वार्ता वणव्यासारखी पसरली आणि गाव एका फटक्यात समाधानी झाले. लोक केळ्यांच्या साली वाटेवर टाकू लागले. आपण इथे थोडेच राहणार आहोत. चौकातला दिवा गेला, तेव्हा त्याखाली ठेचकाळणारा प्रत्येक जण म्हणाला, “इथले लोक काही बघतच नाहीत.”

कुलूपवाला पेढा मिळाल्यासारख्या तोंडाने साहेबांकडे गेला. “साहेब, माझ्या गाळ्याचं तेवढं करून द्या.”

“प्रवाशाला गाळा देता येत नाही.”

“पण मी तर जिंकलो.”

“इतिहासात जिंकलात. गाळा मालमत्ता विभागात येतो.” साहेबांनी चष्मा काढला. त्यांनाही माणसाचे वाईट वाटले असावे. “एक मार्ग आहे. मुक्कामाच्या ठिकाणी एक तरी कायमचा माणूस लागतो. नाहीतर प्रवाशांनी तक्रार करायची कोणाकडे?”

“तुम्ही आहात की.”

“मी बदलीवाला. प्रवाशांतला प्रवासी. तुम्हाला राहायचंय का इथं?”

“हो.”

“कायमचं?”

“दुसरीकडे कुठं जाणार, साहेब? मला इथंच राहायचंय.”

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. “कमाल आहे. एवढी सुनावणी झाली, प्रत्येक जण ‘आम्ही इथले’ म्हणून छाती ठोकून गेला. ‘इथं राहायचंय’ असं म्हणणारे तुम्ही पहिले.”

अशा रीतीने खोऱ्याचा आद्य वसाहतकार मंगळवारी दुपारी, चहाच्या सुट्टीआधी, निश्चित झाला. गाळा त्याच्या नावे कायम झाला. त्याबरोबर, आदेशाच्या मागच्या बाजूला छापल्याप्रमाणे, रस्ते, गटारे, दिवे आणि संपूर्ण नदीकाठ यांची जबाबदारीही त्याच्याकडे आली, कारण दुसरा रहिवासी उपलब्ध नव्हता.

“अभिनंदन,” बायको म्हणाली. “आता गावभरचा केर तुमचा.”

“गाळा तर राहिला.”

“राहिला ना. मग झाडू घ्या आणि व्हा पुढं. मी बादली आणते.”

दुकान जोरात चालू लागले, कारण प्रवाशांना कुलपे फार लागतात. शेठ ट्रंकेचे कुलूप न्यायला आले, तेव्हा नाकाला रुमाल लावून म्हणाले, “काय हो हे तुमच्या गावचं गटार? परवापासून तुंबलंय.”

“केळ्यांच्या साली तुमच्याच दारातल्या आहेत, शेठ.”

“असतील. पण गाव तुमचं.”

कुलूपवाल्याने किल्ली घासून दिली, बाही वर केली आणि बांबू घेऊन गटाराकडे गेला. पाणी वाहते झाल्यावर त्याला उगाचच बरे वाटले. आपल्या गटाराचे पाणी आपण वाहते करण्यात एक मालकी असते, ती गाळ्यातही नव्हती.

पुढे एका माणसाला झेपेना, म्हणून नगरपालिकेने ‘रहिवासी क्रमांक दोन’ या जागेसाठी अर्ज मागवले. शिक्षणाची अट नाही, वंशावळीची नाही. फक्त ‘हे गाव गटारांसकट माझे आहे’ असे एका ओळीत लिहून द्यायचे. कुलूपवाल्याच्या बायकोचा अर्ज आला होता, पण एका घरात दोन पदे देता येत नसल्याने तो नियमानुसार बाद झाला. बाकी गर्दी पुष्कळ जमली. ओळ वाचली आणि पांगली.

जागा अजून रिकामी आहे. वाचकांनी मात्र काळजी करू नये. आपण काही तिथले नाही. आपले गाव वेगळे. आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी जे तुंबले आहे, ते काय, इथले लोक बघतीलच.