समुद्रावर बासष्ट खोकी

शेठ रोज दुसऱ्यांची घरं हलवत आणि वहिनी मात्र लग्नानंतरच्या अकरा वर्षांत आपल्या घरातून तसूभरही हलल्या नव्हत्या. शेठचा धंदाच तो, लोकांचं घरसामान भरून इकडून तिकडे पोचवायचा. बदल्या होतात सुट्टीच्या दिवसांत, म्हणजे जगाला सुट्टी तेव्हा शेठला सीझन. दर वर्षी समुद्राकाठच्या रिसॉर्टचं माहितीपत्रक घरात यायचं, वहिनी त्यातल्या नारळाच्या झाडांकडे बघून उसासा टाकायच्या आणि शेठ "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत ट्रकमध्ये चढायचे.

यंदा वहिनींनी बुकिंगच करून टाकलं. वाळूला लागून दोन खोल्यांचं कॉटेज, आठ दिवस.

"हे बघा," त्यांनी बजावलं, "आठ दिवस मला या घरातली एक वस्तू नजरेसमोर नकोय. या वर्षी नाही नेलंत तर मी एकटी जाईन."

निघायच्या दिवशी सकाळी वहिनी टोपी, चपला आणि गॉगल घ्यायला बाहेर पडल्या. जाताना शेठना सांगून गेल्या, "तेवढ्या बॅगा भरून ठेवा." आता बावीस वर्षं माणसं हाताशी बाळगणारा शेठ स्वतः बॅग भरतोय होय! त्यांनी मुकादमाला फोन लावला.

"चार माणसं घेऊन आमच्या घरी जा. सामान भरायचंय. सामानावर लिहायचा पत्ता फ्रिजवर लावलाय. मी एक काम उरकून, केस कापून येतो."

मुकादम तयार केला होता तो शेठनीच. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, गिऱ्हाइकाला 'हे न्यायचं का, ते न्यायचं का' असं विचारत बसायचं नाही. घर भरायचं म्हणजे भरायचं. बिचाऱ्यानं एवढ्या वर्षांत ब्र काढला नव्हता, तो आजच कशाला काढेल?

दुपारी एकला नवराबायको दारातच एकमेकांना भेटले. दार उघडलं तर आत आवाज घुमायला लागला. पडदे नव्हते, पलंग नव्हता, भिंतीवरचं घड्याळ नव्हतं. खिळा तेवढा होता.

"अगं बाई, चोरी झाली हो!" वहिनी किंचाळल्या.

शेठनी फरशीकडे पाहिलं. कचऱ्याचा कण नव्हता. "चोर झाडून जात नाहीत," ते खोल आवाजात म्हणाले. "ही आपलीच माणसं."

त्यांनी मुकादमाला फोन लावला.

"घाट उतरलो, शेठ!" मुकादमाच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "बासष्ट खोकी, एक कपबशी फुटली नाही. आणि अभिनंदन बरं का! समुद्राकाठी घर घेतलंत, पण आम्हाला बोलला नाहीत."

"अरे शहाण्या, आमची गाडीची तिकिटं कुठायत?"

"किमती वस्तूंच्या खोक्यात. तुमची पद्धत, त्यावर खोटं नाव लिहायचं."

"काय लिहिलंयस?"

"ते लक्षात ठेवायचं नाही, म्हणजे कुणी काढून घ्यायचा प्रश्न नाही. तीही तुमचीच पद्धत."

शेठ गुरकावले, "वळव गाडी! आत्ताच्या आत्ता माघारी ये!"

वहिनींनी फोन हिसकावून घेतला. "खबरदार वळवलीत तर! मुकादम, सरळ जा. आणि अहो, तुम्ही. ते सामान परत आलं की तुम्ही म्हणाल, आधी घर लावू. घर लागेपर्यंत तुमचा सीझन. मी ओळखते तुम्हाला. मी आज समुद्र बघणार म्हणजे बघणार."

तिकिटं नाहीत, घरात बसायला पाट नाही. शेवटी शेठनी गोदामातला छोटा टेम्पो काढला. वहिनी नवी टोपी घालून पुढे बसल्या आणि पाच तास गाणी गुणगुणत होत्या. शेठही तिसऱ्या गाण्यापासून ठेका धरायला लागले.

दिवेलागणीला पोचले, तर रिसॉर्टचे मॅनेजर फाटकातच हात चोळत उभे. "साहेब, तुमच्या माणसांनी आमचं फर्निचर आमच्याच गोदामात नेऊन रचलं. वर मला पावती दिली!"

वहिनींनी कॉटेजचं दार उघडलं. त्यांचेच पडदे, त्यांचाच पलंग. फळीवर बरण्या ओळीनं मांडलेल्या. मुकादम घाम पुसत म्हणाला, "वहिनी, जिथली वस्तू तिथं."

वहिनींचा चेहरा उतरला. डोळ्यांत पाणी आलं. "अहो, मला हेच बघायचं नव्हतं हो," एवढंच त्या म्हणाल्या.

शेठना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं ही बाई एवढंच मागत होती आणि त्यांनी तेही खोक्यात भरून टाकलं होतं. त्यांनी घरची आरामखुर्ची उचलली आणि थेट पाण्याच्या कडेला नेऊन ठेवली.

"तू इथं बस. आत फक्त झोपायला यायचं. बाकी मी बघतो."

आणि खरंच बघितलं. आठ दिवस वहिनींनी फळीवरच्या एका बरणीला हात लावला नाही. जेवण रिसॉर्टचं, चहा शेठच्या हातचा. मुकादम आणि चौघं नारळाखाली आडवे. रात्री आपल्याच गादीवर झोप छान लागते, असं वहिनींनी चौथ्या दिवशी कबूलही केलं.

आठव्या दिवशी मॅनेजर आले. "साहेब, आता सीझन संपला, पुढं कुणी येणार नाही. तुम्हाला सामान भरायला लागेल तेवढा वेळ घ्या. किती लागेल?"

"चार तास!" मुकादम ताडकन उठून म्हणाला. "दुपारी गाडी हलते."

वहिनींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लाटांकडे बघत राहिल्या. शेठच्या खिशात फोन वाजत होता, गावात दोन घरं भरायची खोळंबली होती. शेठनी फोन काढला, बंद केला, आतून दुसरी खुर्ची आणून वहिनींच्या शेजारी मांडली आणि ऐसपैस बसले.

"चार तास कसले रे?" ते मुकादमावर खेकसले. "गिऱ्हाईक फार चोखंदळ आहे. एकेक चमचा वेगळा गुंडाळ."