चिटणीसकाकांचं मालवाहू यान

दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत अंतराळाशी भांडण असलेला माणूस एकच, आमच्या शेजारचे चिटणीसकाका.

वर जे अंतराळस्थानक फिरतंय, तिथल्या लोकांना जेवणखाण, पाणी, कपडे पोचवायला मालवाहू यान जातं. त्यात माणूस नसतो. सामान उतरवून घेतलं की त्यात तिथला कचरा भरतात आणि यान सोडून देतात. खाली येताना ते जळून जातं. काकांनी हे पेपरात वाचलं आणि तेव्हापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही.

काकांची सगळी नोकरी सरकारी भांडार खात्यात, माल पोचवण्यात गेलेली. लिफ्टमध्ये कोणी सापडलं की सुरू. "अगं, शेजारून आलेला डबा रिकामा परत करू नये, हे आपल्याकडे पोराटोरांनाही कळतं. चिमूटभर साखर तरी घालावी. आणि हे एवढे शिकलेले लोक त्यात कचरा भरतात? बिल्कुल नाही चालायचं!" तिसऱ्या मजल्यावरच्या शर्माजींनी एकदा समजावलं, की यान म्हणजे मशीन, त्याला काय कळतंय. काका त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

माझी आमटीची वाटी त्यांच्याकडून कधी रिकामी आली नाही. कधी दाण्याचा लाडू, काहीच नसलं तर दोन लिंबं. मी मात्र एकदा घाईत त्यांची वाटी रिकामी दिली आणि दारातच बोलणी खाल्ली. राग आला, पण चूक माझीच होती.

दर रविवारी काका स्वतः अळूवड्या करतात आणि मेट्रोने गुरुग्रामला मुलाकडे घेऊन जातात. परवा मलाही तिकडे काम होतं, म्हणून बरोबर गेले. टॉवरच्या गेटवर गार्ड म्हणाला, "अंकलजी, डिलिव्हरी उधर रख दो." मला वाटलं, आता या गार्डची धडगत नाही. पण काकांनी नुसता मुलाचा फ्लॅट नंबर सांगितला. गार्डने इंटरकॉमवर विचारलं. वरून निरोप आला, की मीटिंग चालू आहे, डबा गेटवरच ठेवा, मागचा डबाही तिथेच ठेवलाय. रविवारी कसली डोंबलाची मीटिंग!

मागचा डबा जड लागला म्हणून मी उघडून पाहिला. आत संपलेले सेल, तुटका चार्जर, गंजलेली दोन कुलुपं. वर चिठ्ठी, 'बाबा, तुमच्याकडे कबाडीवाला येतो ना, त्याला देऊन टाका.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, मी वर जाते आणि त्याला चांगले चार शब्द सुनावते. काकांनी डबा माझ्या हातातून घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

परतताना मेट्रोत तो डबा त्यांच्या मांडीवर होता. यमुनेचा पूल आला. मग काका बाहेर बघत हळूच म्हणाले,

"रिकामा तर नाही ना दिला त्याने."