बापूंचं मंगळाचं इंजिन

टोकावड्याला माझ्या ढाब्यावर नेहमीचं गिऱ्हाईक आधी विचारतं, "बापू आहेत का?" आहेत म्हटलं की गाडी पुढच्या ढाब्यावर नेतं. कारण कुणी बसलं रे बसलं की बापू सुरू, "मंगळावर जायचं तर कंच्या इंजिनावर?"

भातशेती करणाऱ्या या माझ्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला मोबाइलवरच्या व्हिडिओंनी हे वेड लावलं. "आपलं नेहमीचं रॉकेट म्हंजे राब," ते सांगतात. पेरणीआधी शेतात पालापाचोळा पसरून पेटवतात, तो राब. "भडकला, संपला! अणूचं इंजिन म्हंजे तुसाची शेगडी. धग धरून बसते. तिच्यावर हायड्रोजन सोडायचा. तेवढ्याच इंधनात दुप्पट काम!"

"आणि फुटलं तर?" एका ट्रकवाल्याने विचारलं.

"तुज्या घरी कुकर रोज फुटतो का रे?" पण बापू इमानदार. रॉकेटला जमिनीवरून उठायला मात्र राबच लागतो, हे ते तोंड पाडून कबूल करतात.

पुढे बापू माणसांचीही राब आणि शेगडी अशी वाटणी करू लागले. माझ्या पुतणीला बघायला आलेल्या मुलाकडे टक लावून बापू म्हणाले, "राब हाय. नको देऊ." मुलगा समोरच पोहे खात होता. स्थळ गेलं. माझी बायको कितीतरी दिवस बापूंना बिनसाखरेचा चहा देत होती.

एकदा मीच वैतागलो. "बापू, बाजारात जायला तुमचे गुडघे कुरकुरतात. मंगळावर लवकर पोचून करायचंय काय?"

"पोचायचं कोनाला पडलंय? परत यायचं बघ की! जाताना समदेच जोर लावतात. हितं कोनतरी वाट बघत असतं रे."

बापूंचा मुलगा दिनेश दुबईच्या गोदीत वेल्डर आहे. बायको गेल्यापासून बापू घरात एकटेच. यंदा म्हसाच्या जत्रेला दिनेश येणार, हे त्यांनी गावभर सांगितलं होतं. नवी गादीही भरून घेतली होती.

जत्रेच्या तोंडावर ढाब्यावर असतानाच दिनेशचा फोन आला. बापूंनी सवयीप्रमाणे स्पीकर लावला.

"बापू, सुट्टी नाय मिळाली. यंदा पन नाय जमनार."



"नाय तर नाय," बापू हसत म्हणाले. "जत्रा काय पळून जाते? टायमावर जेवतोस ना? सावकाश ये, पोरा. मला काय घाई नाय."

फोन ठेवून ते नुसतेच रस्त्याकडे बघत बसले. समोर नवं गिऱ्हाईक येऊन बसलं, तरी त्याला काही विचारलं नाही.  मी चहा घेऊन जवळ बसलो आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "बापू, ते अणूचं इंजिन कधी तयार होईल हो?"

"व्हईल रे," ते म्हणाले. "माझ्या हयातीत झालं तर बरं."