विमानांचा प्रूफरीडर

नाशिकला राहायला आलो, त्याच दिवशी शेजारच्या काकांनी दार वाजवून माझ्याकडे केस मागितला.

"केस?" मी म्हणालो.

"एकच. लांब असेल तर बरं. माझ्याकडचा स्टॉक संपलाय." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. तिथे जिन्यातल्या ट्यूबलाइटच्या उजेडाशिवाय काही नव्हतं.

आता मी पडलो नामपूरचा. आमच्याकडे परक्या माणसाने पाणी मागितलं तर देतात, मीठ मागितलं तर विचार करतात आणि केस मागितला तर लिंबू-मिरची शोधतात. "बघतो, बघतो" करून मी दार लावलं आणि आईला फोन केला. आई तिकडून ओरडलीच, "कोन शे तो? दिधा का तू केस?" नाही दिला म्हटलं. तर म्हणे, आजपासून कंगवासुद्धा उघड्यावर ठेवायचा नाही. मी आठवडाभर टोपी घालून जिना उतरत होतो.

नंतर कळलं, केस विमानाला पाहिजे होता.

हे कळल्यावर गोंधळ संपायला पाहिजे ना? तिथूनच सुरू झाला.

काकांचं आडनाव क्षेमकल्याणी. नाशिकबाहेरच्या माणसाला ते एका दमात जमत नाही. कुरिअरवाला सरळ 'केमिकल काका' म्हणतो, आणि त्यांच्या दारातून सतत थिनरचा वास येत असल्यामुळे त्याला कोणी दुरुस्तही करत नाही. काका एका छापखान्यात प्रूफरीडर होते. पत्रिका, पंचांगं, शाळेची पुस्तकं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. रिटायर झाल्यावर चुका मिळेनात, म्हणून ते विमानांकडे वळले.

म्हणजे झालं असं, की खेळण्यातल्यासारखी विमानं डब्यातून मिळतात. प्लास्टिकचे सुटे भाग, जोडायचे, रंगवायचे, शोकेसमध्ये ठेवायचे. साधा मामला. पण काकांच्या मते डबा म्हणजे कच्चं प्रूफ. खऱ्या विमानाचे फोटो समोर मांडून ते डब्यातल्या विमानावर लाल पेन्सिलने खुणा करतात. अगदी प्रूफात करतात तशाच. नाकावर 'काढा', पंखावर 'जागा कमी करा', शेपटीवर प्रश्नचिन्ह. मग करवत, कानस, सॅंडपेपर. खिडकी नसेल तिथे खिडकी, चाक जाड असेल तर ते बारीक. आणि पाठीवरची अँटेना, तिच्यासाठी माझा केस.

पहिल्यांदा भिंतीपलीकडून त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकलं तेव्हा मला घाम फुटला होता. "काल नाक कापलं. आज पोट फाडतो. शेपूट राहू दे, रविवारी बघू." मी टोपी रात्री झोपतानाही घालायला लागलो.

काकांशी वाद घालायची सोय नाही. त्यांचा एकच शब्द, "पुरावा?" भुवया वर, तळहात पुढे. दूधवाला म्हणाला, काल अर्धा लिटर जास्त दिलं. "पुरावा?" चेअरमन म्हणाले, टाकी धुतली. "पुरावा?" गणपतीत मी बिल्डिंगसमोर त्यांची नक्कल केली. सगळे लोळले. काका पहिल्या रांगेत, चेहरा गंभीर. कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन चुका. मी 'हं' दोनदा नाही, तीनदा म्हणतो. आणि चष्मा डाव्या हाताने काढतो." दुसऱ्या दिवशी तपासलं. हं, हं, हं. डावा हात. मी नक्कल सुधारली. माझंही त्यांनी विमानासारखंच प्रूफ तपासलं, हे नंतर लक्षात आलं.

त्यांचा सगळ्यात मोठा राग रिव्हेटवर. डब्यातल्या विमानावर बारीक बारीक पुटकुळ्या असतात. ते म्हणजे खिळे, पत्रा पत्र्याला जोडणारे. काका म्हणायचे, "एवढ्या छोट्या विमानावर खिळा हाताला लागतो? म्हणजे खरा खिळा केवढा? नारळाएवढा! विमानाला घामोळं आलंय." मग बसून एकेक पुटकुळी घासून सपाट. विमान गुळगुळीत झालं की रंग. करड्या रंगाची छटा जमेना म्हणून एकदा आठ दिवस गच्चीवर जाऊन पारव्यांच्या माना बघत होते. पारवे वैतागून समोरच्या बिल्डिंगवर गेले.

आणि हे सगळं कशासाठी? तर देवळाली कॅम्पातल्या अन्वरभाईंसाठी. अन्वर शेख, काकांच्या शाळेतला बाकावरचा सोबती. पुढे विमानदलात फिटर झाला, सार्जंट म्हणून रिटायर. दर रविवारी काका विमान घेऊन बसने कॅम्पात जायचे. अन्वरभाई विमान फिरवून फिरवून बघायचे आणि चूक काढायचे. मग भांडण. दुपारभर. फोटो, पुस्तकं, पुरावा. सात वाजता घसा बसलेला आणि चेहरा उजळलेला, असे काका परत यायचे. मला वाटायचं, सासुरवाडीहून आलेत.

मग रविवार बंद झाले. काका घरीच. मी विचारलं तर म्हणाले, "तो येऊ नको म्हणाला."

"भांडण झालं?"

"भांडण झालं असतं तर बरं होतं."

याचा अर्थ काय लावायचा, सांगा! भांडायचं बंद केलं म्हणून माणूस रुसलाय. तीन महिने असे गेले. काकांच्या टेबलावर पेपर टाकलेला, त्याखाली करवत, कानस. थिनरचा वास गेला. कुरिअरवाल्यालाही चुकल्यासारखं व्हायला लागलं.

आणि एके दिवशी सकाळी दार उघडंच होतं म्हणून आत डोकावलो, तर काका टेबलाशी बसलेले, डोळे गच्च मिटलेले, आणि एका विमानाच्या पाठीवरून हात फिरवतायत. मांजराला कुरवाळावं तसं.

"काका, बरं वाटत नाही का?"

"हं, हं, हं. तिसरी ओळ लागत नाही." डोळे मिटूनच बोलले. मग डोळे उघडले, सुईच्या टोकावर डिंकाचा थेंब घेतला आणि पंखावर टेकवला. त्याच्या शेजारी अजून एक. अजून एक. पुटकुळ्या!

मी उडालो. "काका, घामोळं?"

"हो."

"तुम्हीच लावताय?"

"हो. आणि मध्ये बोलू नकोस, मोजतोय."

तीन आठवडे हे चाललं. ज्या माणसाने इतकी वर्षं पुटकुळ्या घासल्या, तो एकेक पुटकुळी पेरत होता. रंग विचारला तर म्हणाले, "रंग कशाला? काही गरज नाही." रंग नको! पारवे परत यायला हरकत नव्हती. माझ्या डोक्याची पार मंडई झाली. मी आईला फोन करून सांगितलं, तर तिचा निकाल तयार, "म्हटलं होतं ना मी!"

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःहून दाखवली. एक जुना काळापांढरा फोटो. विमानाच्या नाकाशी विशीतला एक पोरगा, शर्टाच्या बाह्या वर, एका छोट्या झाकणातून कोपरापर्यंत हात आत. "हा अन्वर. त्यानेच दिला होता फोटो. झाकण बघ, उजव्या अंगाला. डब्यात डाव्या अंगाला दिलंय. कापून हलवायला दोन दिवस गेले."

"फोटो उलटा छापला असेल तर?" मी जरा शायनिंग मारली.

काका खूश झाले. "शाब्बास. पण विमानाचा नंबर सरळ वाचता येतोय. म्हणजे फोटो सुलटा. पुरावा!" मग फोटो शर्टाच्या खिशात ठेवत म्हणाले, "रविवारी गाडीवर सोडशील का कॅम्पात? बसच्या गर्दीत हे पोचायचं नाही. आणि त्याने या वेळी हातात घेतलं नाही, तर मग मी हे सगळं आवरून टाकणार आहे."

'हे सगळं' म्हणताना त्यांनी टेबलाकडे नाही, खोलीकडे हात केला. मी "सोडतो" म्हणालो.

रविवारी आम्ही वडनेरमार्गे निघालो. काका मागे, दोन्ही हातांत विमान डोक्याच्या वर धरलेलं. समोरून वारा लागला की म्हणायचे, "हळू! उडेल." लोक थांबून बघत होते. एका सिग्नलला रिक्षावाला म्हणाला, "काका, कुठली फ्लाइट?" काका म्हणाले, "कॅम्प. मध्ये थांबा नाही."

कॅम्पात बैठं घर. अन्वरभाईंच्या सुनेने दार उघडलं. "चाचा! किती दिवसांनी!" आत कॉटवर अन्वरभाई बसलेले. उंच, ताठ, पांढरी दाढी. पण ते आमच्याकडे बघत नव्हते. आमच्या बाजूच्या कपाटाकडे बघत होते.

"कोण? कल्याणी?"

"हं."

"मी मना केलं होतं ना यार? शुगरने डोळे खाल्ले माझे. काय दाखवायला येतोस? बंद कर ते."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पेटली आणि लगेच विझावीशी वाटली.

काका पुढे झाले आणि विमान त्यांच्या हातात ठेवलं.

अन्वरभाई आधी नुसते धरून बसले. मग अंगठा हलला. मग बोटं. नाकापासून मागे, पंखाच्या मुळाशी थांबली, परत आली. ओठ हलत होते; मोजत होते. "डबल लाइन... इथे डबल लाइन घेतली तू." पंखाच्या टोकापर्यंत गेले. "हा खिळा नेहमी ढिला व्हायचा." सून दारात चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी.

मग बोटं नाकाच्या उजव्या अंगाला आली आणि थबकली. झाकण.

"अरे कल्याणी," अन्वरभाईंचा आवाज एकदम चढला, "हे काय? झाकण राइटला? लेफ्टला असतं ते!"

"उजवीकडे आहे ते," काका म्हणाले.

"मला शिकवतो? तीन वर्षं हात घातलाय मी त्यात! छापखान्यात बसून विमानं बघितली तू! लेफ्ट!"

मी काकांकडे बघितलं. भुवया वर जाणार, तळहात पुढे येणार, याची वाट बघत होतो. काकांचा हात खिशाकडे गेला. फोटोचा कोपरा बाहेर आला. अन्वरभाईंना दाखवून उपयोग नव्हता, हे खरं. पण सून होती, मी होतो. आम्ही सांगितलं असतं, अन्वरभाई, फोटोत तुम्हीच आहात आणि हात उजवीकडे आहे.

काकांनी फोटो आत सरकवला.

"हो रे," ते म्हणाले. "चुकलं."

"चुकलं ना? बोल, चुकलं ना?" अन्वरभाई कॉटवर पुढे सरकले, तोंडभर हसले. "बेटा, बघ! कल्याणी चुकला! आयुष्यात पहिल्यांदा बोलला! चहा दे त्याला, जास्त साखरेचा. आणि हे घेऊन जा. डाव्या अंगाला कर, आणि पुढच्या रविवारी आण. बघतो मी."

मग ते पुढचे दोन तास शेपटीवरून भांडले.

परतताना उजेड होता अजून. विमान आता काकांच्या मांडीवर. वडनेर मागे पडलं तरी मला राहवेना.

"काका, झाकण तर बरोबर होतं."

"हो."

"मग आता ते परत कापणार? चुकीचं करायला?"

"दोन दिवस लागतील." मग काका माझ्या कानाशी येऊन, वाऱ्यात ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने म्हणाले, "चार महिन्यांनी ओरडला रे माझ्यावर."

मी गाडी हळू केली. रस्ता चांगला होता, तरी केली.

"पुढच्या रविवारी तुला सुट्टी असते ना?" काकांनी विचारलं.

मी कॉलेज रोडला मोबाइलच्या दुकानात आहे. रविवारी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, सुट्टी सोमवारी. हा रविवार मालकाला थाप मारून काढला होता.

"असते ना," मी म्हणालो. "दर रविवारी असते."