माझ्या नावाचा बेडूक

सुदामभाऊ बेडकांची हजेरी घ्यायचे. रोज, प्रार्थनेच्या आधी. आमच्या अकोल्याच्या शाळेत प्रयोगशाळेमागे सिमेंटचं टाकं होतं. त्यावरची जाळी उचलून ते एकेक नाव पुकारायचे आणि बेडकाच्या वतीनं स्वतःच 'हजर' म्हणायचे. नावं आमची होती.

त्याचं असं, की अकरावीची प्रात्यक्षिक परीक्षा मार्चात, आणि मार्चात आमच्याकडे बेडूक औषधालाही सापडत नाही. म्हणून प्रयोगशाळेचे शिपाई सुदामभाऊ पावसाळ्यातच बेडूक धरत आणि परीक्षेपर्यंत जगवत. पोरं एकवीस, बेडूक एकवीस. ऐनवेळी भांडणं नकोत म्हणून त्यांनी प्रत्येक बेडकाला एकेका पोराचं नाव दिलं होतं. बाविसावा मात्र त्यांच्या स्टुलाजवळच्या मडक्यात असे, ओल्या गोणपाटाखाली. त्याचं नाव सुदाम. तो चिरायचा नसे. परीक्षा संपली की ते त्याला मोर्णा नदीत सोडून येत.

अडचण एवढीच, की बेडूक आणि पोरगा यांत सुदामभाऊ फरक करत नसत.

एकदा अंजनगावहून आमच्या वर्गातल्या प्रभाकरचे वडील त्याला भेटायला आले. फाटकातच सुदामभाऊ भेटले. "प्रभाकर काय जी? तो तं सकाळीच गेला. दोन दिवसांपासून पोट फुगलं होतं. म्याच पुरला, लिंबाखाली." वडील मटकन खाली बसले. तेवढ्यात कबड्डी खेळून मातीनं माखलेला प्रभाकर धावत आला. "हा नोय जी, दुसरा!" सुदामभाऊ म्हणाले. वडिलांनी उठून आधी प्रभाकरच्या मुस्काटात दिली, मग त्याला पोटाशी धरलं. सुदामभाऊंनी नाल्याचा गाळ उपसून दुसरा प्रभाकर आणला, तेव्हा कुठे त्याचं निभावलं.

माझी तब्येत माघात बिघडली. म्हणजे टाक्यातली.

"वसंता, काल बी काई खाल्लं नाई तू! काहून बे?" सुदामभाऊ भर वर्गात दारातून विचारायचे. मी गांडुळं खणून आणायचो, नाकतोडे धरायचो, पण टाक्यातला मी तोंड फिरवून बसे. सरांनी बजावलं होतं, बेडूक नाही तर प्रात्यक्षिक नाही, आणि प्रात्यक्षिक नाही तर नापास. माझी झोप उडाली. मलाही जेवण जाईना, पोट फुगल्यासारखं वाटायला लागलं. आईनं पातूरहून हिंगाष्टक पाठवलं. ते मी घेतलं, आणि चिमूटभर टाक्यातही टाकलं.

परीक्षेला चार दिवस राहिले असताना सुदामभाऊ टोपी हातात धरून माझ्याकडे आले. "वसंता, तू गेला रे."

मी पायरीवर बसून ढसाढसा रडलो. मग तीन दिवस मोर्णेचा काठ उकरला. एक खेकडा आणि फुटकी खापरं सापडली.

परीक्षेच्या दिवशी रिकाम्या हातानं टेबलाशी उभा राहिलो. बाहेरगावचे परीक्षक आले. सुदामभाऊ मेणाचे ट्रे मांडत माझ्यापाशी थांबले. ट्रेमध्ये क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक होता, चारी पाय टाचण्यांनी ताणलेले. "हल्लू काप, लेका," ते कानाशी म्हणाले. मी त्यांच्या स्टुलाकडे पाहिलं. मडकं पालथं होतं, गोणपाट घडी करून वर ठेवलेलं. मी कात्री उचलली.

हळूहळू कापत गेलो, कुठंही रक्तवाहिनी तुटली नाही. "हृदयाला कप्पे किती?" परीक्षकांनी विचारलं आणि माझं डोकं पार रिकामं झालं. दाराशी सुदामभाऊ तीन बोटांनी गाल खाजवत होते. वर्षभर प्रत्येक तासाला ते तिथंच उभे असत. मला वाटायचं, ट्रे उचलायला थांबतात.

"तीन," मी म्हणालो. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढे गेले.

बाहेर आलो तर सुदामभाऊ रिकामं टाकं घासत होते. त्यांनी मान वर केली.

"मंग? पास झालो काय मी?"

"झाले, सुदामभाऊ."

त्यांनी झाडू बाजूला ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं हात पुसले, तोंडही पुसलं.

"चवथीनंतर पयल्यांदाच बसलो बे परीक्षेले," ते म्हणाले.