उशिराचं सुख

विमानाला उशीर होणार हे कळलं तेव्हा सोपानराव मिंड्यांना इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांना खोकावं लागलं. खोकून झाल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का? तांत्रिक कारण म्हणं. किती येळ ते सांगत बी न्हाईत. काय ही तऱ्हा."

मंजुळाबाईंनी पदराने तोंड पुसलं. पुसताना पदर जरा जास्तच वेळ तोंडावर राहिला. मग त्या म्हणाल्या, "पोरगी तिकडं वाट बघत आसंल वो."

"व्हय ना."

"लई वाईट झालं."

"लईच."

आणि मग दोघेही काचेपलीकडे उन्हात उभ्या असलेल्या विमानाकडे, ते हलत तर नाही ना, अशा नजरेने बघत राहिले.

त्यांची मुलगी तेजस्विनी बंगळूरला नोकरीला होती. तिने तिथे फ्लॅट घेतला होता आणि आई-बाबांनी निदान सहा महिने तरी येऊन राहावं, असा तिचा हट्ट होता. सोपानरावांना सहा महिनेच काय, एक आठवडाही महाळुंग्याबाहेर करमत नसे. जमीन कंपन्यांत गेली असली तरी घरामागे एक म्हैस होती, मेथी-कोथिंबिरीपुरता तुकडा होता, आणि संध्याकाळी ज्ञानदेवच्या टायरच्या दुकानासमोर बसून वळणावर अडकलेल्या कंटेनरच्या ड्रायव्हरांना न मागितलेला सल्ला देण्याचं काम होतं. ते सोडून अकराव्या मजल्यावर जाऊन बसायचं, या कल्पनेनेच त्यांची झोप उडाली होती. पण मंजुळेला लेकीची ओढ आहे, तिचं मन मोडायला नको, म्हणून त्यांनी होकार दिला होता.

मंजुळाबाईंचंही महाळुंग्यात काही कमी नव्हतं. भिशीच्या बायका होत्या, म्हैस खरं तर त्यांचंच ऐकत असे, आणि परक्या मुलखात भाजीवाल्याशी घासाघीस कुठल्या भाषेत करायची हा प्रश्न त्यांना आतून पोखरत होता. पण महाळुंग्यावरून विमान गेलं की त्यांचा नवरा मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राही. ह्यांना एवढी हौस आहे तर आपण कशाला आड यायचं, असा विचार करून त्यांनी बॅगा भरल्या होत्या.

असे ते दोघे एकमेकांच्या सुखासाठी लोहगावच्या विमानतळावर येऊन बसले होते.

बराच वेळ झाला. आता नुसतं बसून राहणं संशयास्पद दिसेल असं मंजुळाबाईंना वाटलं. लेकीसाठी तळमळणारी आई एव्हाना काहीतरी बोलली असती. म्हणून त्या म्हणाल्या, "तुमी जाऊन इचारा तरी. नुसतं बसून काय व्हतंय?"

विमानाची हौस असलेला नवरा यावर उठला असता. म्हणून सोपानराव उठले.

काउंटरवर सायली नावाची एक मुलगी उभी होती. तिचा चेहरा दमलेला होता, पण हसू जागच्या जागी होतं. सोपानरावांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज मूळचा या बांधावरून त्या बांधावर पोचणारा होता, आणि पुढे गावाभोवती कंपन्या उभ्या राहिल्यावर तो प्रेस मशिनच्या वरून पोचायला लागला होता.

"ओ ताई, विमान कवा सुटणार?"

"सर, आम्ही दिलगीर आहोत. आमचे इंजिनियर काम करतायत."

"दिलगिरी घिऊन मी काय करू? माझी लेक तिकडं दारात रांगोळी काढून बसलीय. माझं मंडळ हितं डोळ्यात पाणी आणून बसलंय. आमी काय येड्यासारखं बघत बसायचं?"

बोलता बोलता त्यांनी मागे वळून पाहिलं. मंजुळाबाई ऐकत होत्या. त्यांनी आवाज आणखी चढवला. प्रवाशाला कुणी विचारत नाही, माणसाच्या वेळेला किंमत नाही, एसटीचा कंडक्टरसुद्धा गाडी बंद पडली तर खाली उतरून नीट सांगतो, असं सगळं ते बोलले. आपण इतकं चांगलं बोलतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मागे माणसं जमली. कुणीतरी "बरोबर आहे काकांचं" म्हणालं. टाळ्या पडल्या. मग त्यांना एकदम जाणवलं की आपल्यामागे निम्मं विमान उभं आहे आणि आपण त्यांचे पुढारी झालो आहोत.

तेवढ्यात त्यांच्या कोपराला कुणीतरी हळूच ओढलं. इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण होता. टाळ्या वाजवण्यात तो सगळ्यात पुढे होता.

"काका, मी धनेश. चाकणला एका कंपनीत सेल्सला आहे," तो कानाशी येऊन म्हणाला. "जरा दमानं घ्या ना राव."

"म्हंजे?"

"आम्ही पाठवलेला सगळा माल तिकडच्या पार्टीला गंजून मिळालाय. मला शिव्या खायला पाठवलंय. मीटिंग हुकतीये, तर हुकू दे की. तुम्ही असंच बोलत राहिलात तर हे लोक खरंच विमान दुरुस्त करतील."

दुसऱ्या बाजूने एक बाई पुढे झाल्या. चिंचवडच्या जयमालाबाई. त्यांनी चपला हातात धरल्या होत्या.

"भाऊ, माझंही ऐका," त्या कुजबुजल्या. "नणंदेच्या घरी कार्य आहे, उतरल्या उतरल्या पन्नास माणसांच्या पुरणाला हात लावायचाय मला. सकाळपासून इथे बसलेय. कुणी चहा मागितला नाही, कुणी हाक मारली नाही. लग्नानंतर असा दिवस मी पाहिला नव्हता. तुम्ही तो घालवू नका."

"मग तुमी टाळ्या कशापायी वाजवल्या?"

"सगळे वाजवत होते," जयमालाबाई म्हणाल्या.

सोपानराव हादरले. मागच्या गर्दीतले सगळे चेहरे त्यांनी नीट पाहिले. सगळे चिडलेले होते, पण त्या चिडण्यात कुठेतरी सुटीच्या दिवशीची झाक होती.

याच वेळी सायली फोनवरचं बोलणं संपवून परत आली. तिचा चेहरा उजळला होता.

"एक चांगली बातमी आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कंपनीचं विमान थोड्या वेळात बंगळूरला निघतंय. त्यात दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना फार तातडीचं आहे त्यांनी पुढे यावं."

कुणीही पुढे आलं नाही.

इतका वेळ ओरडणारी माणसं एकदम गप्प झाली. कुणी मोबाईलमध्ये पाहू लागलं, कुणी बुटाची नाडी सोडून परत बांधू लागलं. धनेश छतावरच्या दिव्यांकडे बघत होता. सायलीचं हसू पहिल्यांदाच जागचं हललं. अशा वेळी रेटारेटी कशी आवरायची याचं तिला शिक्षण मिळालं होतं. कुणालाच जायचं नसेल तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग गर्दीतून आवाज आला, "काकांना द्या की. त्यांची लेक रांगोळी काढून बसलीये."

"हो, काकांनाच द्या," जयमालाबाई म्हणाल्या, आणि डोळे खाली वळवले.

"आमाला? न्हाई, न्हाई. दुसऱ्यांची बी अडचण आसंल. आमचं सामान त्या इमानात गेलंय की."

"सामान आम्ही हलवतो, सर."

"मंडळाला चालवत न्हाई. गुडघं धरल्यात."

"व्हीलचेअर मागवते ना."

"पण तिनं आजून काय खाल्लं न्हाई."

"त्या विमानात जेवण मिळतं, सर."

सायली मनापासून कामाला लागली होती. एवढ्या भांडलेल्या म्हाताऱ्याला लेकीकडे पोचवायचंच, असं तिने ठरवलेलं दिसत होतं. बघता बघता खुर्ची आली. एका माणसाने मंजुळाबाईंना अदबीने उठवलं, बसवलं, मांडीवर त्यांची पिशवी ठेवली आणि ढकलायला सुरुवात केली. मंजुळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आता त्यांचे डोळे खरंच भरले होते. सोपानराव मागोमाग चालले. आपल्याच तोंडाने आपण हे ओढवून घेतलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

रांगेसाठी लावलेल्या खांबाजवळून खुर्ची जात असताना मंजुळाबाईंनी हात लांबवला आणि खांब धरला. खुर्ची थांबली. खांब कलला. त्याला बांधलेला पट्टा ताणला गेला आणि आणखी दोन खांब आडवे झाले.

"आजी, हात सोडा," खुर्चीवाला म्हणाला.

"न्हाई सोडणार," मंजुळाबाई म्हणाल्या. "मला न्हाई जायचं बंगळूरला."

सोपानरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालीस?"

"मला न्हाई जायचं. तुमाला इमानाची हौस, म्हून निगाले. मला म्हशीची काळजी लागलीय. कालपास्नं घास गिळंना झालाय."

"अगं, पण मला कुठं जायचंय? मी तुझ्यापायी हो म्हणालो."

"मग इमान गेलं का वर काय बघत व्हता रोज?"

"चाकं आत घेतंय का ते बघायचो."

इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांचं न बोललेलं सगळं कळतं असा दोघांचाही समज होता. तो असा भर विमानतळावर, एका आडव्या खांबाशेजारी, कोसळला होता.

सायली धावत आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हणजे तुम्हाला जायचंच नाहीये, सर?"

"न्हाई, ताई."

"मग इतका वेळ भांडत होतात ते?"

सोपानरावांनी मदतीसाठी मागे पाहिलं. सगळी गर्दी आपापल्या खुर्च्यांवर जाऊन बसली होती. जयमालाबाईंनी तर पाय समोरच्या बॅगेवर ठेवून डोळे मिटले होते. त्या दोन जागा तशाच रिकाम्या उडाल्या.

आता तेजस्विनीला कळवणं भाग होतं. फोन कुणी करायचा यावर थोडा वाद झाला. शेवटी मंजुळाबाईंनी केला. विमान रखडलंय, आज काही जमेलसं दिसत नाही, आम्ही घरी परत जातोय, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

तेजस्विनी म्हणाली, "बरं झालं गं आई."

"काय?"

"म्हणजे, बरं नाही झालं. वाईटच झालं. पण मला सुटीच मिळाली नव्हती, आणि फ्लॅटमध्ये अजून धड भांडीसुद्धा नाहीत. तुम्ही दोघं फोनवर इतकी आनंदात वाटत होतात की मला सांगवेना."

मंजुळाबाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याला शब्दाशब्दाने सगळं सांगितलं. मग सोपानरावांना हसू फुटलं. मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण या वेळी काढून टाकला.

सामान परत मिळवायला वेळ लागला. भाड्याच्या गाडीने निघाले, मोशीला तुंबलेल्या रस्त्यात अडकले, तरी सोपानराव खुशीत होते. एका कंटेनरवाल्याला त्यांनी काच खाली करून सल्लाही दिला. घरी राहिलेला त्यांचा मुलगा कुलदीप किती चकित होईल, याची दोघांनाही गंमत वाटत होती. सून करिष्मा आळंदीला माहेरी गेली होती, त्यामुळे सकाळी निरोप देताना तो एकटाच दारात उभा होता. बिचाऱ्याचा चेहरा उतरलेला होता.

घरापाशी उतरले तेव्हा ऊन कलत होतं. खालच्या दोन खोल्या त्यांच्या, वरचा मजला कुलदीपचा. खालचं दार उघडं होतं. दारात कंपनीचे जाडजूड बूट होते. दोरीवर एक अनोळखी टॉवेल वाळत होता.

सोपानराव आत गेले. त्यांच्या खाटेवर चष्मा लावलेला एक तरुण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने मान वर केली.

"कोण पाहिजे, काका?"

मंजुळाबाई सोपानरावांच्या मागून डोकावल्या आणि तिथेच थिजल्या. तरुणाने दोघांना पाहिलं, दारातल्या बॅगा पाहिल्या आणि त्याच्या लक्षात आलंसं वाटलं.

"खोली बघायला आलात का? थांबा, मालकाला विचारतो." त्याने फोन लावला आणि आवाज मोठा केला. "कुलदीपभाऊ, मी सार्थक. दोन म्हातारी माणसं आलीत. सामान घेऊनच आलीत."

मागे मशिनची घरघर होती. त्यावरून कुलदीपचा आवाज आला. "त्यांना सांग, आता सहा महिने काही रिकामं नाही. तुझ्याशी करार झालाय. बिनधास्त राहा भावा."

"कुलदीप," सोपानराव म्हणाले.

"बाबा? बंगळूरला पोचलात?"

"न्हाई. आपल्या खाटंपाशी हाय."

कुलदीप म्हणाला, "शिफ्ट सुटली की येतो," आणि फोन बंद झाला.

सार्थकचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो नांदेडकडून आला होता, त्याची पहिलीच नोकरी होती आणि त्या घरातला हा त्याचा पहिलाच दिवस होता. तो खाटेवरून ताडकन उठला, दोन खुर्च्या आणून मांडल्या, बॅगा आत घेतल्या. तरी काहीतरी कमी पडतंय असं त्याला वाटलं असावं. तो स्वयंपाकघरात धावला. मंजुळाबाई सवयीने मागोमाग निघाल्या, तर त्याने हात जोडून त्यांना परत बसवलं. आत भांडी वाजली, चहापत्तीचा डबा शोधताना दोनदा चुकीच्या डब्याचं झाकण पडलं, आणि तो त्यांच्याच कपांत त्यांच्यासाठी चहा घेऊन आला.

"घ्या की, मावशी," तो म्हणाला. "संकोच करू नका. आपलंच घर समजा."

मंजुळाबाईंनी कप घेतला.

"समजते, बाबा," त्या म्हणाल्या.